गोळी रात्री अडीचची, परिणाम सकाळी अकराचा: उशिरा सरकलेल्या झोपेचं एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातली रुग्ण कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही. डोस, लाळेतल्या मेलाटोनिनचे (रात्री शरीरात वाढणारं, गोळी म्हणूनही दिलं जाणारं संप्रेरक) आकडे आणि झोपेच्या वेळा मात्र अशा रुग्णांत दिसू शकतात तशाच ठेवल्या आहेत. प्रश्न एकच आहे: मेलाटोनिन १० मिलिग्रॅमपर्यंत वाढवूनही झोप अलीकडे का आली नाही, उलट आणखी पलीकडे का गेली?

तक्रार आणि आधीचे उपचार

२६ वर्षांची संशोधक विद्यार्थिनी. रात्री साडेतीन-पावणेचारच्या आधी झोप लागत नाही. गजर नसेल तर जाग पावणेबाराला येते. मधली आठ तासांची झोप सलग आणि गाढ असते, उठल्यावर ताजंतवानंही वाटतं. सकाळी आठच्या गजरावर उठावं लागलं की दुपारपर्यंत डोकं चालत नाही. हे दोनेक वर्षांपासून आहे.

या वर्णनातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य बहुतेक वेळा ऐकून सोडून दिलं जातं: सोयीच्या वेळी झोपू दिलं तर झोप उत्तम लागते. निद्रानाशाच्या रुग्णाला सुट्टीच्या दिवशीही झोप नीट लागत नाही. इथे झोपेची यंत्रणा शाबूत आहे, तिची वेळ सरकली आहे. नैराश्य, घोरणं आणि श्वास अडकणं, पायांची अस्वस्थता हे सगळं विचारून झालं, त्यातलं काही नव्हतं. लक्षणं तीन महिन्यांहून जुनी, झोप हव्या त्या वेळेपेक्षा दोन तासांहून अधिक उशिरा, आणि मोकळीक दिली की झोपेचा दर्जा चांगला. विलंबित निद्राचक्र विकाराचं चित्र यात जवळपास पूर्ण होतं.

औषधांची यादी अशी होती: ओसीडीसाठी (तेच विचार आणि कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मनोविकार) फ्लुव्होक्सामाइन १०० मिलिग्रॅम, रोज रात्री, दोन वर्षांहून थोडं जास्त काळ. मेलाटोनिन दहा महिने, आधी ३, मग ५, मग १० मिलिग्रॅम, 'झोपायच्या तासभर आधी' म्हणजे रात्री अडीचला. प्रत्येक वाढीनंतर चार-पाच दिवस फरक वाटायचा, मग पहिले पाढे पंचावन्न. दिवसाला दोन मोठे मग कॉफी, दुसरा दुपारी चारला. दहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीत झोप लागण्याची वेळ पावणेतीन होती. म्हणजे उपचार चालू असताना झोप तासभर आणखी उशिरावर गेली होती.

फ्लुव्होक्सामाइन आणि मेलाटोनिन एकाच यादीत दिसले की हात थांबायला हवा. तो का थांबायला हवा, हे समजण्यासाठी मेलाटोनिन ज्या पेशींवर जाऊन बसतं त्या पेशींकडे आधी पाहावं लागेल.

मेलाटोनिन ऐकणाऱ्या पेशी

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, हायपोथॅलॅमसमध्ये सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियस नावाच्या दोन छोट्या गाठी असतात. प्रत्येक बाजूला साधारण १०,००० चेतापेशी. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. १९७२ साली उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये हा भाग नष्ट करून पाहिला तेव्हा त्यांची दिवस-रात्रीची लय नाहीशी झाली. माणसात या घड्याळाचा स्वतःचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरतो. रोज त्याला थोडं पुढे ओढून २४ तासांवर आणावं लागतं, आणि ते काम मुख्यतः प्रकाश करतो. दृष्टिपटलातल्या मेलानोप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य असलेल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि ती बातमी थेट या गाठींपर्यंत नेतात.

इथून मेलाटोनिन बनवणाऱ्या पिनियल ग्रंथीपर्यंतचा रस्ता मात्र लांबचा आहे. संदेश हायपोथॅलॅमसच्याच दुसऱ्या केंद्रात, तिथून मज्जारज्जूत छातीच्या वरच्या भागापर्यंत खाली, मग मानेतल्या चेतागाठीत वर, आणि तिथून पुन्हा डोक्यात पिनियलकडे जातो. शेवटच्या टप्प्यावर नॉरअॅड्रिनलिन बीटा रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे पेशीवरचा, निरोप घेणारा रेणू) काम करतं आणि मेलाटोनिन बनवणारं विकर जागं होतं. म्हणूनच मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांत रात्रीचं मेलाटोनिन जवळजवळ नाहीसं होतं, आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत ते कमी होतं. या रुग्णाला अशी औषधं नव्हती, पण चाचणीआधी हा प्रश्न विचारायचाच असतो.

पिनियलने सोडलेलं मेलाटोनिन रक्तातून परत त्याच घड्याळाकडे येतं. १९८८ मध्ये माणसाच्या सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियसमध्ये किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं मेलाटोनिन चिकटतं असं दिसलं, आणि १९९४-९५ मध्ये त्याच्या दोन रिसेप्टरांची जनुकं हाती आली: एमटी१ आणि एमटी२. २०१९ मध्ये दोघांची त्रिमितीय रचनाही प्रसिद्ध झाली.

दोन्ही रिसेप्टर पेशीतली सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूची पातळी खाली आणतात, पण त्यांची कामं सारखी नाहीत. एमटी१ पेशीच्या पटलातल्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतो. पोटॅशियम बाहेर जातं, पेशी आतून अधिक ऋणभारित होते आणि तिचे विद्युत ठोके मंदावतात. सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियसच्या पेशी दिवसा जोरात ठोके देतात आणि रात्री शांत असतात. झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत या घड्याळाची 'जागं राहा' अशी हाक सर्वांत तीव्र असते, आणि मेलाटोनिन वर येतं तसा तिचा आवाज खाली येतो. एमटी२ कडे मुख्यतः काटे सरकवण्याचं काम आहे, निदान कृंतकांच्या, म्हणजे उंदीरवर्गीय प्राण्यांच्या, मेंदूच्या कापांवर केलेल्या प्रयोगांतून तसं दिसतं. एमटी१ नसलेल्या उंदरांत ठोके मंदावण्याचा परिणाम जवळजवळ जातो, काटे सरकण्याचा बऱ्यापैकी उरतो.

घड्याळाबाहेरही हे रिसेप्टर आहेत. थॅलॅमसच्या जाळीदार भागातल्या पेशींवर एमटी२ आहे, आणि तो चेतवला की उंदरांमध्ये गाढ झोपेचा वाटा वाढतो. जागेपणाशी बांधलेल्या लोकस सेरुलियसमध्ये आणि जागं ठेवणारं ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशींच्या परिसरात एमटी१ सापडतो, त्याचा संबंध स्वप्नझोपेच्या नियमनाशी जोडला जातो. माणसाबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. कृंतकांवरून थेट माणसावर उडी मारताना एक अडचण कायम लक्षात ठेवावी: निशाचर प्राण्यांतही मेलाटोनिन रात्रीच वाढतं, म्हणजे ते जागे असताना. प्रयोगशाळेतला सी५७ ब्लॅक ६ जातीचा उंदीर तर मेलाटोनिन जवळजवळ बनवतच नाही, तरी झोपतो. 'झोपेचं संप्रेरक' हे नाव त्यामुळे दिशाभूल करतं. हा अंधाराचा निरोप आहे. त्यातून झोप की जाग, हे ऐकणारा मेंदू ठरवतो.

आता या प्रकरणाचा गाभा. निरोप पोचला की नाही, यापेक्षा तो कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे या पेशींना जास्त कळतं.

प्रमाणाचं गणित करून पाहू. तरुण माणसाच्या रक्तात मध्यरात्री मेलाटोनिन ढोबळमानाने मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमच्या घरात असतं. मेलाटोनिनचा रेणुभार २३२, म्हणजे हे ०.४३ नॅनोमोलर झालं. एमटी१ रिसेप्टर ०.१ नॅनोमोलरच्या आसपास निम्मे भरतात. म्हणजे शरीराच्या स्वतःच्या मेलाटोनिनवरच पाचातले चार रिसेप्टर व्यापलेले असतात. पातळी तिसपट केली तर उरलेला एक पंचमांश भरेल, त्याहून जास्त काही नाही. रक्तातलं बरंच मेलाटोनिन अल्ब्युमिनला बांधलेलं असल्याने हे गणित अंदाजी आहे, पण दिशा बदलत नाही. मोठ्या डोसने मिळतो तो जास्त जोर नव्हे, लांब शेपूट. शिवाय पातळी बराच वेळ उंच राहिली की एमटी२ रिसेप्टर सुस्तावतात आणि काटे सरकवण्याचा परिणाम क्षीण होतो. दर वाढीनंतर चार-पाच दिवस 'फरक' आणि मग काहीच नाही, या तक्रारीला हे एक पटण्यासारखं कारण आहे.

शेपटीचा हिशेब

तोंडावाटे घेतलेल्या मेलाटोनिनचा सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास भागच रक्तात पोचतो. उरलेला यकृतातलं सीवायपी१ए२ विकर पहिल्याच फेरीत संपवतं. पुढे अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, पाऊण तासाच्या आसपास.

फ्लुव्होक्सामाइन हेच विकर अडवतं, आणि जबरदस्त अडवतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, ५ मिलिग्रॅम मेलाटोनिन फ्लुव्होक्सामाइनसोबत दिलं तेव्हा रक्तातला एकूण संपर्क सरासरी १७ पट आणि शिखर १२ पट झालं होतं.

हेच या रुग्णाला लावून पाहू. साधारण ०.३ मिलिग्रॅमची गोळी रक्तातली पातळी रात्रीच्या नैसर्गिक पातळीला नेते. १० मिलिग्रॅम म्हणजे तिच्या ३३ पट. गोळी अडीचला, शिखर साडेतीनला. ३३ पटींवरून एक पटीवर यायला पाच अर्धायुष्यं, म्हणजे पावणेचार तास: सव्वासात. तिथून दिवसाच्या पातळीपर्यंत, म्हणजे आणखी दहापट खाली, अडीच तास: पावणेदहा. हे झालं फ्लुव्होक्सामाइनशिवाय. ते १७ पटींनी वाढवलं की आणखी चार अर्धायुष्यं, म्हणजे तीन तास. आता मध्यरात्रीएवढी पातळी सकाळी सव्वादहा-साडेदहाला, आणि दिवसाची पातळी दुपारी पाऊण ते एकच्या सुमाराला. अर्धायुष्य स्वतः लांबलं तर त्याच्याही पुढे. (गणित ढोबळ आहे, माणसामाणसांत फरक मोठा असतो.)

मेलाटोनिन घड्याळाचे काटे कुठल्या बाजूला ढकलेल, हे वेळेवर ठरतं. शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन संध्याकाळी वर येऊ लागतं त्या क्षणाला मंदप्रकाशातला मेलाटोनिन-आरंभ म्हणतात. पुढे नुसतं 'आरंभ' म्हणू. आरंभाच्या दोन ते पाच तास आधी दिलेलं मेलाटोनिन घड्याळ सर्वाधिक पुढे आणतं, म्हणजे झोप अलीकडे येते. ०.५ मिलिग्रॅमसाठी सर्वोत्तम वेळ आरंभाआधी दोन ते चार तास, ३ मिलिग्रॅमसाठी पाच तासांच्या आसपास. आरंभानंतर हा परिणाम ओसरतो, आणि आरंभानंतर दहा-अकरा तासांनी, म्हणजे साधारण जागं होण्याच्या वेळेला, उलटा होतो. तिथे मेलाटोनिन घड्याळ मागे ढकलतं.

झोप पावणेचारला असेल तर आरंभ एक-सव्वाच्या सुमाराला धरावा. म्हणजे अडीचची गोळी फायद्याची वेळ उलटून गेल्यावर पोटात जात होती, आणि तिची शेपूट अकरा-बारा वाजेपर्यंत, थेट उलट्या परिणामाच्या पट्ट्यात लोळत होती. घड्याळातल्या पेशींना रोज ऐकू येत होतं: रात्र अजून संपलेली नाही.

कॉफीही याच विकराने मोडते. फ्लुव्होक्सामाइन चालू असताना कॅफिनचं अर्धायुष्य पाचेक तासांवरून २४ तासांपलीकडे जातं. चारच्या कॉफीचा मोठा भाग रात्री दोनलाही रक्तात होता, आणि आदल्या दिवशीचाही. झोपेच्या तीन तास आधीची दुहेरी एस्प्रेसोइतकी कॅफिन साध्या माणसाचंही घड्याळ ४० मिनिटं मागे नेते.

मोजमाप

१४ दिवस झोपेची डायरी आणि मनगटावर हालचाल नोंदवणारं यंत्र. झोप लागण्याची सरासरी वेळ ३:४०, जाग ११:४५. त्यानंतर मेलाटोनिनची गोळी सात दिवस पूर्ण बंद, आणि लाळेची चाचणी. कॉफी या काळात दुपारी बाराआधी एक कप. फ्लुव्होक्सामाइन चालूच, ते स्वतःहून बंद करायचं औषध नाही.

चाचणी अशी केली: नेहमीच्या झोपेच्या आठ तास आधी, रात्री पावणेआठला, १० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचं एकक) कमी प्रकाशाच्या खोलीत बसवलं. प्रकाशमापक डोळ्यांच्या पातळीवर, नजरेच्या दिशेने धरायचा. टेबलावर ठेवून घेतलेला आकडा उपयोगाचा नसतो. फोन बंद. दर अर्ध्या तासाला कापसाच्या गुंडाळीवर लाळ. नमुन्याआधी दहा मिनिटं बसून राहायचं, कारण उभं राहिल्याने पातळी बदलते. खाणं झालं असेल तर नमुन्याच्या वीस मिनिटं आधी संपवून नुसत्या पाण्याने चूळ. केळी, चॉकलेट, चहा-कॉफी त्या दिवशी वर्ज्य. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं दोन दिवस आधीपासून बंद, ती मेलाटोनिन दाबतात. दात घासायचे नाहीत: रक्तातली पातळी लाळेच्या सुमारे तिप्पट असते, हिरडीतून आलेला गुलाबी डाग अख्खा नमुना बिघडवतो. नमुने लगेच गोठवायचे.

पहिले तीन आकडे मिलिलिटरला ५.८, ६.४ आणि ५.५ पिकोग्रॅम आले. एक चूक सहज घडते ती इथेच. लाळेतला आरंभ ठरवायची प्रचलित सीमा ३ पिकोग्रॅम. ती लावली तर आठच्या पहिल्याच नमुन्यात आरंभ होऊन गेलेला दिसतो, आणि अहवाल येतो: 'घड्याळ वेळेवर आहे, त्रास मानसिक आहे.' प्रत्यक्षात फ्लुव्होक्सामाइनने शरीराच्या स्वतःच्या मेलाटोनिनचं विघटनही अडवलेलं असतं आणि तळच, म्हणजे आरंभाआधीची किमान पातळीच, वर उचललेला असतो. अशा वेळी सीमा रुग्णाच्या स्वतःच्या तळावरून काढावी: पहिल्या तीन नमुन्यांची सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं. इथे सरासरी ५.९, विचलन ०.४६, सीमा ६.८. एक वाजता ६.५, दीडला ८.९. दोन्हींच्या मधली रेघ सीमेला छेदते ती १ वाजून ४ मिनिटांनी. झोप ३:४० ला, म्हणजे आरंभ आणि झोप यांत अडीच तासांचं अंतर, अपेक्षेप्रमाणे. या पद्धतीतही मेख आहे: तीनपैकी एक नमुना भरकटला तर विचलन फुगतं आणि आरंभ उशिरा दिसतो. म्हणून आलेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकड्यावर सही करू नये.

उपचार

क्रम महत्त्वाचा होता. आधी अडथळा काढायचा, मग मेलाटोनिन द्यायचं. ओसीडी वर्षभर काबूत असल्याने तिच्या मनोविकारतज्ज्ञांनी फ्लुव्होक्सामाइन चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत सर्ट्रालिन वाढवलं, जे सीवायपी१ए२ ला फारसं हात लावत नाही. हा बदल प्रत्येकाला जमणारा नाही. ओसीडी मुश्किलीने ताब्यात आलेला असेल तर फ्लुव्होक्सामाइन तसंच ठेवून, मेलाटोनिन पूर्ण सोडून, फक्त प्रकाशावर काम करणं शहाणपणाचं.

औषधबदलानंतर दोन आठवडे थांबून पुन्हा चाचणी. तळ आता १.२, ०.९, १.१. म्हणजे ३ ची सीमा वापरता आली. आरंभ १२:३५, झोप ३:१०. नवीन काही न देता, फक्त चुकीचं काढून टाकल्यावर अर्धा तास.

त्यानंतरची योजना:

मेलाटोनिन ०.५ मिलिग्रॅम, लगेच विरघळणारं, रात्री ९:३० ला. आरंभाच्या तीन तास आधी, झोपेच्या जवळपास साडेपाच तास आधी. इतक्या लवकर घेतलेली गोळी झोप आणण्यासाठी नसते, हे रुग्णाला दोनदा सांगावं लागतं, नाहीतर 'झोप येत नाही' म्हणून ती पुन्हा रात्री एकला सरकते. काहींना हलकी गुंगी येते, म्हणून गोळीनंतर वाहन चालवायचं नाही. रात्रीचं जेवण गोळीच्या दोन तास आधी संपवायचं: स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींवरही मेलाटोनिनचे रिसेप्टर आहेत, आणि जेवणाच्या वेळी मेलाटोनिन असेल तर साखर जास्त चढते.

घरात असलेल्या १० मिलिग्रॅमच्या गोळीचे तुकडे करून चालणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. ती लांबवर सुटणारी होती. अशी गोळी तोडली की तिची रचनाच मोडते आणि वीस तुकडे सारखे होतच नाहीत. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मेलाटोनिनवर लेबल बघून विश्वास ठेवू नये. कॅनडात तपासलेल्या ३१ उत्पादनांत प्रत्यक्ष मात्रा लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघाली होती, आणि काहींत सेरोटोनिन सापडलं. ०.५ मिलिग्रॅमवर सगळा हिशेब उभा असताना असा फरक परवडत नाही. औषध म्हणून मान्यता असलेलं किंवा फार्मसीत मोजून बनवलेलं द्रवरूप घ्यावं.

प्रकाश: उठल्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर ३० मिनिटं, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावरच. दुप्पट अंतरावर बसलं की डोळ्यापर्यंत साधारण चौथाईच प्रकाश पोचतो. सुरुवात सकाळी १०:४५ ला. याआधी का नाही, ते खाली येतं. झोपेच्या तीन तास आधीपासून घरातला प्रकाश ३० लक्सच्या खाली. साधे घरगुती दिवेही, २०० लक्सच्या आतले, आरंभ उशिरा करून रात्रीचा मेलाटोनिनचा काळ सुमारे दीड तासाने आखडतात.

दर दोन दिवसांनी सगळं अर्ध्या तासाने अलीकडे: जाग, दिवा, गोळी. झोपायची वेळ मात्र ठरवून द्यायची नाही, झोप आली की झोपायचं. हे उलटं केलं, म्हणजे झोपायची वेळ आधी ओढली, तर माणूस घड्याळाच्या सर्वांत सतर्क तासांत अंथरुणावर तळमळतो, आणि मूळ विकारावर निद्रानाशाचा थर चढतो.

पाचव्या दिवशीची घसरण

पाचव्या दिवशी प्रवासासाठी ती पहाटे साडेपाचला उठली आणि सहा ते पावणेसात उघड्यावर, स्वच्छ उन्हात होती. सकाळचं ऊन चांगलं, असं सगळेच सांगतात. पुढच्या दोन रात्री झोप पाऊण तासाने मागे गेली.

कारण घड्याळात आहे. शरीराचं तापमान रात्रीत सर्वांत खाली जातं तो क्षण आरंभानंतर साधारण सात तासांनी येतो. त्या क्षणानंतरचा प्रकाश घड्याळ पुढे आणतो, त्याआधीचा मागे ढकलतो. चार दिवसांच्या सरकण्यानंतर तिचा आरंभ बाराच्या सुमाराला असावा. म्हणजे तापमानाचा तळ सकाळी सात. सहाचं ऊन तिच्या शरीराला मध्यरात्रीचं ऊन होतं. दिवा पहिल्या दिवशी १०:४५ ला लावला तो याचसाठी: तळ तेव्हा ७:३५ ला होता, आणि दोन्हींत भरपूर अंतर ठेवलं होतं. उशिरा झोपणाऱ्याला सरसकट 'पहाटे फिरायला जा' हा सल्ला म्हणूनच नुकसान करू शकतो.

दुरुस्ती सोपी होती. दोन दिवस काहीच अलीकडे आणलं नाही, त्याच वेळांवर थांबलो. पुढे लवकर बाहेर पडावं लागलं तर तापमानाच्या तळाची वेळ उलटून तासभर होईपर्यंत गडद, बाजूंनी बंद असलेला चष्मा. तळाची अंदाजी वेळ दर आठवड्याला नव्याने काढून तिच्या डायरीच्या वरच्या कोपऱ्यात लिहायची.

सहा आठवड्यांनी

झोप १२:२० ला, जाग ८:०५. तिसऱ्या चाचणीत आरंभ रात्री १०. तिला अकराला झोपायचं होतं, ते साधलं नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत वेळा हलल्याच नाहीत. आणखी ओढायचा आग्रह धरला नाही. या विकारात काहींच्या घड्याळाचा फेरा मुळातच लांब असतो, सीआरवाय१ जनुकातल्या एका बदलाने असं होतं हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. अशा घड्याळाला रोज तासभर ताणून धरण्यापेक्षा आठला उठण्यावर आयुष्य बसवणं जास्त टिकतं. तुलनेसाठी: ०.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि ठरलेली झोपेची वेळ यांची २०१८ मधली चाचणी घेतली, तर नकली गोळीच्या तुलनेत झोप ३४ मिनिटांनी अलीकडे आली होती. इथला मोठा फरक फक्त गोळीचा नाही. त्यात औषधबदल, कॉफी आणि दिवा आहेत, आणि कोणाचा वाटा किती हे या एका प्रकरणातून वेगळं काढता येत नाही.

पुढची सोय: गोळी रात्री ७:३० ला, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने. मग दिवा चालू ठेवून गोळी बंद करून पाहायची. सुट्टीच्या दिवशी जाग नऊच्या पुढे न्यायची नाही. दोन आठवडे सलग झोप एकच्या पुढे गेली तर डायरीसह परत यायचं, मनाने डोस वाढवायचा नाही.

आणि तिच्या औषधांच्या कार्डावर एक ओळ लाल शाईने: सीवायपी१ए२ अडवणारं औषध चालू असेल तेवढे दिवस मेलाटोनिन बंद. यात फ्लुव्होक्सामाइन पहिलं, पण लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सहज लिहिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिनही येतं, आणि गर्भनिरोधक गोळ्याही पातळी वाढवतात. त्या सुरू करायच्या असतील तर आधी कळवायचं, म्हणजे ०.५ चा डोस आणि साडेसातची वेळ दोन्ही पुन्हा तपासता येतील. सिगारेट उलटं करते, विकर वाढवते. ती सोडली तरीही हेच: कळवायचं, मग डोस.